घरची मसाल्याची बरणी : वर्षाची बेगमी आणि तिची राखण

वेरूळच्या डोंगरात आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, कैलास लेणे कोरले जात होते. तेथे घाम गाळणाऱ्या पाथरवटांच्या शिदोरीत मिरचीचा ठेचा नव्हता, शेंगदाण्याची चटणीही नव्हती. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी तिखटासाठी मिरी, पिंपळी, आले व मोहरी यांवरच भिस्त होती. लवंग व जायफळ यांचे मूळ घर तर पूर्वेकडील मोलुका बेटे. अशा दूरदूरच्या जिनसांना आपल्या तीळ-धन्यांची जोड देऊन मराठवाड्यातील गृहिणीने काळा मसाला व येसर सिद्ध केले. ज्वारी-बाजरीची कोरडी भाकरी गोड लागते ती या बरणीच्या बळावर.

ही बरणी म्हणजे केवळ जिभेचे चोचले नव्हेत. तिच्यात कुटुंबाचे आरोग्य आणि वर्षाचा पैसा दोन्ही गुंतलेले आहेत. म्हणून पीक काढण्याइतकेच लक्ष ते राखण्याकडेही द्यावयास हवे.

बरणीत काय असावे

काळ्या मसाल्यासाठी १ किलो सुक्या लाल मिरचीस अर्धा किलो धने, पाव किलो सुके खोबरे व १०० ग्रॅम तीळ हे प्रमाण सोयीचे पडते. दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरी, शहाजिरे, हळद व हिंग आपापल्या आवडीप्रमाणे घालावेत. प्रत्येक जिन्नस निरनिराळा भाजावा. कारण तिळाला लागणारी आच धन्याला पुरत नाही आणि धन्याची आच तिळाला सोसत नाही.

येसर हे मराठवाड्याचे खास वैशिष्ट्य. बाजरी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ व मसाल्याचे जिन्नस भाजून केलेले हे पीठ घरात असले, की भाजी नसलेल्या दिवशीही दाट आमटी होते. टंचाईच्या दिवसांत याची किंमत कळते.

याखेरीज तीळ, जवस, कारळे व शेंगदाणे यांच्या चटण्या असाव्यात. न सोललेल्या १०० ग्रॅम तिळांत सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्या घरी दूध बेताचे, त्या घरी तिळाची चटणी नित्य ताटात वाढावी. आंबटासाठी चिंच व आंबाडी आपल्या शिवारातच मिळतात.

शेतातून बरणीकडे

यांपैकी बहुतेक जिनसा विकत आणण्याचे कारण नाही. खरिपात तीळ व कारळे, रब्बीत धने, जवस व करडई यांच्या चार-चार ओळी मुख्य पिकाच्या कडेने घेता येतात. पाण्याची सोय असेल तेथे मे-जूनमध्ये हळदीचा एक वाफा लावावा; आठ-नऊ महिन्यांत घरापुरती हळद निघते. बांधावर एक चिंच व एक शेवगा असला म्हणजे पुढच्या पिढीचीही सोय झाली. आपल्या जिल्ह्यात सिल्लोडचा परिसर मिरचीसाठी आणि मराठवाड्यात वसमतचा परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे. जे तेथे बाजारासाठी पिकते ते आपल्या परसात घरापुरते पिकावयास हरकत नाही.

बुरशीचे संकट

१९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी एकाएकी दगावले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीपासून निर्माण झालेले विष आढळले. त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील खेड्यांत बुरशी लागलेला मका खाण्यात येऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली. हेच विष ओलसर राहिलेल्या मिरचीत व शेंगांतही तयार होते. ते यकृतावर घाला घालते, आणि भाजल्याने वा शिजविल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. म्हणून ‘फोडणीत पडले की सारे शुद्ध’ ही समजूत सोडून द्यावी.

उपाय सोपा आहे. मिरची उघड्या मातीवर न वाळविता ताडपत्रीवर किंवा स्वच्छ खळ्यावर पातळ पसरावी, दिवसातून दोन-तीनदा हलवावी आणि सायंकाळी झाकावी. वजन वाढावे म्हणून मिरचीवर पाणी मारणे हा तर स्वतःच्याच ताटात विष कालविण्याचा प्रकार होय. साठवताना तिच्यातील ओलावा ११ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. ओलावा मोजण्याचे साधन नसल्यास मिरची हलवून पाहावी. आत बी खुळखुळले आणि देठाजवळ मोडताना ती कुरकुरली, तर ती वाळली असे समजावे. दहा-वीस मिरच्या फोडून आत करडी किंवा काळी बुरशी दिसते का, तेही पाहावे. भुईमुगाच्या सुरकुतलेल्या, काळवंडलेल्या व फुटक्या शेंगा वेचून टाकाव्यात. अशा शेंगा जनावरांनाही घालू नयेत.

साठवण

मसाला वळवाच्या सरी येण्यापूर्वी, कडक उन्हात उरकावा. कुटलेला मसाला पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबून भरावा; ऊन मसाला भरल्यास बरणीत घाम सुटतो. वर्षभराचा साठा एका मोठ्या बरणीत ठेवावा व रोजच्या वापरास लहान बरणी करावी. ओला चमचा कदापि घालू नये. जवस, कारळे व शेंगदाणे यांच्या चटण्या मात्र पंधरवड्यापुरत्याच कराव्यात. तेलकट जिनसांना खवट वास लवकर येतो. करडईचे तेलही थोडे थोडे आणून उजेडापासून दूर ठेवावे. आयोडिनयुक्त मीठ झाकणाच्या भांड्यात, चुलीपासून दूर असावे. ओलाव्याने व उन्हाने त्यातील आयोडिन कमी होते.

बाजारचा माल पारखताना

घरचे अपुरे पडले तर हळद-मिरची शक्यतो अखंड घ्यावी व घरी दळावी. पूड घ्यावी लागल्यास पेलाभर पाण्यावर चिमूटभर टाकून पाहावी. शुद्ध हळद खाली बसताना पाण्यास फिकट पिवळा रंग देते. पाणी गडद पिवळे झाल्यास भेसळीची शंका घ्यावी. तिखटातून रंगाचे ओघळ सुटले, तर त्यात कृत्रिम रंग आहे असे जाणावे. हळदीस चकाकी आणण्यासाठी काही ठिकाणी वापरला जाणारा लेड क्रोमेट हा शिशाचा रंग मुलांच्या मेंदूस विशेष घातक आहे. रंगापेक्षा वासावर भरवसा ठेवणे हेच शहाणपण.

कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी माघ-फाल्गुनात महिला बचत गटांची बैठक घेऊन मिरची वाळविण्याचे व पाण्याच्या परीक्षेचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एक ताडपत्री, एक काचेचा पेला व थोडी हळद एवढेच साहित्य लागते. गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांना येसराची कृती सांगावयास आग्रहाने बोलवावे. त्यांचे अनुभवाचे ज्ञान आणि आजचे शास्त्र एकत्र आले, म्हणजे घरोघरची बरणी वर्षअखेरपर्यंत निर्मळ राहील. शेतकरी भगिनींनो, वेरूळचे लेणे शतकानुशतके टिकले ते पाथरवटाने प्रत्येक घाव जपून घातला म्हणून. आपली बरणी वर्षभर टिकावी यासाठी तेवढीच काळजी पुरेशी आहे.