खेळातील उष्ण प्रदेश आणि भिवंडीचे भातखाचर

फिनलंडमध्ये तयार होऊन 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या संगणकावरील नगररचनेच्या खेळात उष्णकटिबंधीय प्रदेश निवडता येतो. भूमी हिरवीगार दिसते. परंतु तेथील शेतीस हंगामाचे बंधन नाही.

शास्त्रज्ञ क्योपेन यांच्या वर्गीकरणात, ज्या प्रदेशात सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तपमानही 18 अंश सेल्सियसच्या खाली उतरत नाही, तो उष्णकटिबंधीय होय. भिवंडी तालुका अशाच प्रदेशात मोडतो. येथील शेतीचे वेळापत्रक मात्र पाऊस ठरवितो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो व उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात.

बांधबंदिस्त खाचर हे पाणी अडविते व मुरविते. गोदामासाठी त्यात भराव पडला की तेच पाणी शेजारच्या शेतात व वस्तीत शिरते. खेळातील नगर पुसून पुन्हा मांडता येते. भरावाखाली गेलेले खाचर सहसा परत मिळत नाही.

यास्तव शेतकरी बंधूंनी पावसाळ्यापूर्वी बांध दुरुस्त करावेत, ओहोळांची वाट मोकळी ठेवावी आणि भातकापणीनंतरच्या ओलीवर वाल अथवा हरभरा घ्यावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी भरावाचा प्रश्न ग्रामसभेपुढे वेळीच मांडावा.