वाऱ्यांतील एकट्याची राहुटी

तंबू म्हटला कीं मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढें एक तर छावणीचा थाट उभा राहतो, नाहीं तर सर्कशीची कनात. परंतु या मोठ्या घराण्यांत एक फार धाकटें भावंड आहे. एकट्या मनुष्यानें पाठीवर टाकून न्यावी, सांज होतांच पांच-दहा मिनिटांत उभारावी आणि उजाडतांच गुंडाळावी अशी ही किलो-दीड किलो वजनाची राहुटी होय. सह्याद्रीच्या दुर्गांवर जाणारे तरुण, सायकलीवरून देश पाहणारे प्रवासी, पायीं तीर्थाटन करणारा एखादा यात्रेकरू, अशांच्या पाठीवर ती दिसते. घेणारा बहुधा दोनच प्रश्न विचारतो : वजन किती आणि किंमत किती? वाऱ्यांत ती टिकेल काय, हा तिसरा प्रश्न पहिल्या वादळी रात्रीं सुचतो, आणि तेव्हां दुकान फार दूर राहिलेलें असतें.

हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापूर हें गांव औंढा नागनाथाहून वसमतेकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. गांवांत मल्लिनाथाचें जैन मंदिर. पलीकडे औंढ्यास नागनाथाचें पुरातन देवालय. त्याच जिल्ह्यांत नर्सी येथें नामदेवांचें जन्मस्थान. तेव्हां पायीं हिंडणाऱ्याला या भागांत कारणांची वाण नाहीं. मुलूख मोकळा, झाड विरळ, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वारा अडवील असें फारसें कांहीं नाहीं. याच दिवसांत येथील शेतकरी हळद उकडून उघड्यावर वाळत घालतो. दुपारीं आभाळ भरून आलें कीं ताडपत्री घेऊन त्याची जी धांवपळ होते, तींत राहुटीचें अर्धें शास्त्र सांठविलेलें आहे. चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवलेली ताडपत्री पोटांत वारा भरून घेते व धोंड्यांसकट उलटते; तीच वरून आडव्या दोरांनीं आंवळलेली असेल तर जागची हलत नाहीं. वाऱ्याला कापडाखालीं शिरूं द्यावयाचें नाहीं आणि कापडाला फडफडूं द्यावयाचें नाहीं, एवढेंच त्या धांवपळीचें मर्म.

वाऱ्याचें बळ त्याच्या वेगाच्या प्रमाणांत वाढत नाहीं, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ताशीं ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या एक चौरस मीटर जागेवर सुमारें ६ किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे ७२ किलोमीटर झाला कीं तोच दाब चौपट, सुमारें २४ किलो होतो. एकट्याच्या राहुटीची लांब बाजू साधारण दीड चौरस मीटर धरली, तर पहिल्या वाऱ्यांत तिच्यावर ९ किलोंचा आणि दुसऱ्यांत ३६ किलोंचा भार पडेल. हाच वारा राहुटीच्या अरुंद टोंकावर घेतला तर भार निम्म्यावर येतो. शिवाय वारा केवळ ढकलीत नाहीं. कापडाच्या पाठीवरून वेगानें जातांना तो पलीकडच्या अंगास ओढ उत्पन्न करतो व छताला वर उचलूं पाहतो. म्हणून वाऱ्याकडील मेखा पक्क्या ठोकून पाठीमागील मेखांविषयीं बेफिकीर राहणाराची राहुटी पुष्कळदां पाठीमागूनच उखडते.

तंबू जाणें याचा अर्थ काय, हें एका जुन्या प्रसंगावरून कळेल. १९११ च्या जुलै महिन्यांत, दक्षिण ध्रुवाकडील अखंड काळोखाच्या ऋतूंत, एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विन पक्ष्यांचीं अंडीं मिळविण्यासाठीं केप क्रोझियर येथें गेले होते. त्यांनीं दगडांची एक झोंपडी रचिली होती आणि शेजारीं तंबू उभा केला होता. तंबूच्या कडांवर वजन ठेवलेलें असतांही वादळानें तो उचलून नेला. पाठोपाठ झोंपडीवरचें कापडी छप्परही फाटून गेलें. तिघेजण निजण्याच्या पिशव्यांत, अंगावर बर्फ घेत पडून राहिले. तंबूवांचून परतीची वाट चालणें म्हणजे मरण, हें तिघांनाही ठाऊक होतें. वारा ओसरल्यावर तंबू उताराखालीं सुमारें अर्ध्या मैलावर सांपडला. त्याचे खांब माथ्याशीं एकत्र जोडलेले असल्यामुळें तो मिटलेल्या छत्रीसारखा झाला होता आणि फारसा फाटला नव्हता. परत येतांना बॉवर्सनें रात्रीं तंबूला दोरी बांधून तिचें दुसरें टोंक स्वतःच्या अंगाशीं बांधून घेतलें. मराठवाड्यांत बर्फ नाहीं हें खरें. पण मध्यरात्रीं भर पावसांत, विजा कडाडत असतां, माळावर उघडें पडणें ही गोष्टही कांहीं लहान नव्हे.

आतां आकाराचा विचार. बाजारांत मुख्यतः तीन घाट मिळतात. पहिला बोगद्यासारखा : दोन-तीन कमानी एकीमागें एक, आणि त्यांवर ताणलेलें कापड. हा हलका असतो व टोंकाकडून येणारा वारा उत्तम झेलतो. परंतु वारा कुशीवर आला कीं कमानी वांकतात. दुसरा घुमटासारखा : काठ्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें मधलें मोकळें कापड लहान राहतें व चारी दिशांचा वारा सारखा सोसला जातो. वजन मात्र कांहींसें वाढतें. तिसरा एकखांबी, देवळाच्या शिखरासारखा. त्याला वेगळा खांबही लागत नाहीं. चालण्याची काठीच आंत उभी करतां येते. काठीचा खांब करण्याची ही युक्ति नवी नव्हे. १८९५ मध्यें नंगा पर्वतावर मृत्यु पावलेला इंग्रज गिर्यारोहक ममरी आपल्या चिमुकल्या तंबूला बर्फाच्या कुऱ्हाडींचेच खांब देत असे. या घाटाच्या उतरत्या बाजूंवरून वारा घसरून जातो, पण सर्व भिस्त मेखांवर असते. एक कोपरा निसटला कीं सारें शिखर खालीं.

जेथें वारा रात्रभर एकाच दिशेनें वाहतो तेथें बोगदा घ्यावा, यांत शंका नाहीं. परंतु शिरड शहापुराकडील उन्हाळी वारा तसा नाहीं. वळवाच्या ढगांतून पडणारा पाऊस वाटेंतच अंशतः सुकतो, त्यानें हवा गार व जड होते, ती खालीं कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूंकडे पसरते. म्हणून पावसाचा थेंब पडण्यापूर्वींच धुळीचा लोट येतो, आणि तो पुष्कळदां दिवसभरच्या वाऱ्याच्या अगदीं उलट दिशेनें येतो. तिन्हीसांजेला पश्चिमेकडे डोकें करून लावलेली राहुटी घटकाभरांत कुशीवर मार खाऊं लागते. तेव्हां या मुलुखासाठीं ठेंगणा, छेदणाऱ्या काठ्यांचा घुमट श्रेयस्कर. वजन कमीच हवें असेल तर चांगल्या मेखांनिशीं एकखांबी शिखर. उंची मीटरभर असली म्हणजे पुरे. आंत उभें राहतां यावें ही हौस एकट्याच्या राहुटींत महाग पडते.

काठ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या घ्याव्या. कांचतंतूच्या काठ्या स्वस्त असतात, पण त्या अकस्मात् चिरतात व चिरलेलें टोंक कापडही फाडतें. कापडांत नायलॉन बळकट, परंतु तें भिजलें कीं सैल पडतें. पॉलिएस्टर कमी ताणतें. नायलॉनची राहुटी असेल तर पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासानें बाहेर येऊन तणावे पुन्हां आंवळावे लागतात, आणि हा त्रास टाळणाराला मग रात्रभर फडफड ऐकावी लागते. ती फडफड केवळ झोंप मोडीत नाहीं; शिवण उसवण्याची सुरुवात तेथूनच होते. दोन्ही कापडांना ऊन बाधतें, म्हणून दिवसा राहुटी उगाच उभी ठेवूं नये.

विक्रेत्यानें सांगितलेल्या वजनाविषयीं येथें सावध केलें पाहिजे. ‘किमान वजन’ म्हणून जो आंकडा छापलेला असतो त्यांत पुष्कळदां मेखा, तणावे व पिशवी धरलेलीं नसतात. जी वस्तु राहुटीला जमिनीशीं बांधते तीच हिशेबांतून वगळावयाची, हा व्यवहार विचित्र खरा! सोबत आलेल्या मेखा बहुधा काडीसारख्या बारीक असतात. त्या काढून टाकून दुसऱ्या घ्याव्या आणि चार जादा तणावे जोडावे. वजन शंभर-दीडशे ग्रॅमनीं वाढेल. पाण्याच्या एका पेल्याहून हें ओझें कमी आहे.

मेखांचा प्रश्न या भागांत विशेष बिकट होण्याचें कारण म्हणजे येथील काळी माती. ती पाण्यानें फुगते व उन्हानें आक्रसते. वैशाखांत तिला मनगट जाईल अशा भेगा पडतात. भेगेच्या कांठीं ठोकलेली मेख ढेकळासकट सुटून येते. अर्धा तास पाऊस झाला कीं तीच माती लोण्यासारखी होते, आणि बारीक मेख तींतून बोट काढावें तशी निघते. मुरमाड माळावर उलट तऱ्हा. तेथें मेख शिरतच नाहीं, वांकते. काळ्या रानांत लांब व रुंद, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची मेख घ्यावी. ती राहुटीपासून बाहेरच्या बाजूस कलती, पार डोक्यापर्यंत ठोकावी आणि वर जड धोंडा ठेवावा. मुरमावर मेखेचा नाद सोडून तणावा सरळ मोठ्या धोंड्याला बांधावा व त्यापुढें दुसरा धोंडा लावावा. चिखलच असेल तर वीतभर काठीला मध्यभागीं तणावा बांधून ती काठी आडवी पुरावी. उभ्या मेखेपेक्षां ती कितीतरी अधिक ओढ सोसते. तणावे लांब असावेत. आंखूड तणावा मेखेला वर उपटतो, लांब तणावा तिला आडवी ओढतो.

जागा निवडतांना बांधाची आड, दाट कुंपण किंवा पडकी भिंत मिळाल्यास सोडूं नये. भिंतीला मात्र अगदीं चिकटूं नये. नाल्याचें पात्र वाऱ्यापासून सुरक्षित भासतें, पण वर कोठें पाऊस झाला तर पाणी तेथेंच येतें. एकट्या निंबाखालीं किंवा बाभळीखालीं राहुटी लावणें हा तर उघड धोका. फांदी मोडते हें एक, आणि वीज पडते हें दुसरें. विजेपासून कोणतीही राहुटी रक्षण करीत नाहीं, मग ती कितीही किंमतीची असो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें काढलेली ‘दामिनी’ ही सोय भ्रमणध्वनीवर विजेची आगाऊ सूचना देते. ती पाहून वेळेवर गांवांतील शाळा, धर्मशाळा किंवा देवळाचा पक्का मंडप गांठणें यांत कमीपणा कसला? ताशीं साठ-सत्तर किलोमीटरचा वारा अंगावर येत असतां राहुटीच्या गुणांची परीक्षा पाहण्याचें कारण नाहीं.

राहुटी घेतल्यावर ती प्रथम दिवसा, साधारण वाऱ्यांत, घरच्या रानांत उभारून पाहावी; मग डोळे मिटून उभारावी, कारण प्रसंग काळोखांतच येतो. उभारतांना वाऱ्याकडील कडेच्या दोन मेखा आधीं ठोकाव्या, कापड जमिनीवर पसरलेलें असतांनाच. त्यानंतर काठ्या घालाव्या, आणि दार वाऱ्याच्या पाठीमागें ठेवावें. उतरवितांना हाच क्रम उलटा. काठ्या आधीं काढून कापड खालीं पाडावें, पाठीमागच्या मेखा उपटाव्या, गुंडाळी वाऱ्याच्या दिशेनें करीत आणावी, आणि वाऱ्याकडील त्या दोन मेखा अगदीं शेवटीं, कापड गुडघ्याखालीं दाबून, काढाव्या.