चार अक्षरं

पेनड्राइव्ह हरवला की आपण आधी खिसे चाचपतो आणि मग आठवत बसतो, त्यात काय काय होतं: पॅनकार्डाची प्रत, आईचे रिपोर्ट, घराची कागदपत्रं. जीव कासावीस होतो तो यानेच. पण तोच ड्राइव्ह व्हेराक्रिप्टने कुलूपबंद केलेला असेल, तर? ट्रूक्रिप्ट या जुन्या सॉफ्टवेअरवरून २०१३ साली बेतलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आत जे करतं, त्याने मी अजूनही थक्क होतो.

सुरुवातीलाच ते सांगतं, माउस कसाही वेडावाकडा फिरवा. मनगटाची ती धावपळ फायली झाकणाऱ्या मूळ किल्लीच्या घडणीत मिसळते, आणि ती पुन्हा तशीच गिरवणं तुम्हालाही जमणार नाही. मग बेल्जियमच्या दोन संशोधकांनी रचलेली आणि २००१ साली अमेरिकेत मानक ठरलेली एईएस पद्धत कामाला लागते. सोळा-सोळा बाइट्सचा घास घेऊन ती तो चौदा वेळा घुसळते. तिच्या २५६ बिटांच्या किती किल्ल्या शक्य आहेत, हे लिहायला ७८ आकडे लागतात.

मग हे कुलूप उघडणारा पासवर्ड कुठे साठवतात? कुठेच नाही! मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हेच. तुम्ही पासवर्ड टाकलात की तो ड्राइव्हच्या सुरुवातीच्या ६४ यादृच्छिक बाइट्सबरोबर साधारण पाच लाख वेळा दळला जातो. त्या पिठातून निघालेल्या किल्लीने पुढचा छोटासा मजकूर उलगडून पाहायचा. त्यात 'व्ही, ई, आर, ए' ही चार अक्षरं उमटली आणि सोबतच्या पडताळणीच्या बेरजा जुळल्या, तर पासवर्ड बरोबर. मूळ किल्ली याच मजकुरात झाकलेली असते. चुकीच्या पासवर्डाने नुसता भुसा हाती लागतो. म्हणूनच पासवर्ड विसरलात तर सॉफ्टवेअर बनवणाराही हात टेकतो. आणि ड्राइव्हच हरवला तर हाताशी असावी म्हणून फायलींची दुसरी प्रत, तीही कुलपातलीच, घरी ठेवाच.

अख्खा ड्राइव्ह असा झाकलेला असला की विंडोजला तो ओळखूच येत नाही. तुम्ही स्वतः जोडलात तरी ते विचारतं, फॉरमॅट करू का? सवयीने 'हो' म्हणू नका.

आणि ड्राइव्ह बसमध्ये हरवलाच, तर तो ज्याला सापडेल, त्यालाही हाच प्रश्न दिसेल. तो बहुधा 'हो' म्हणेल, आणि त्यात गाणी भरेल.