पाणी घालून घालून मारलेला मोगरा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातला मोगरा गेला. नानीने गावच्या अंगणातून दिलेलं रोप होतं, म्हणून जीव जरा जास्तच होता त्याच्यावर. फजरनंतर दादी पाणी घालायची, दुपारी अम्मी, संध्याकाळी शाळेतून आलेली मुलं. कुणी कुणाला विचारायचं नाही. पानं पिवळी पडली तेव्हा आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. शेवटी कुंडी उपडी केली, तर मुळं काळी आणि लिबलिबीत झालेली, मातीला कुजका वास.

घरातली पुष्कळ झाडं अशीच जातात. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत ती असते. तिथे सतत पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात आणि बुरशी धरते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे माती ओली असूनही पानं माना टाकतात. आपण फसतो ते इथेच.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर तांब्या परत ठेवा. कोरफड आणि स्नेक प्लांटची माती तर पूर्ण सुकू द्यायची. पावसाळ्यात सगळ्यांचंच पाणी कमी करावं लागतं. कुंडीला खाली भोक हवंच. चिनी मातीच्या देखण्या कुंड्यांना बऱ्याचदा ते नसतं. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. नर्सरीच्या रोपाभोवती लाल मातीचा घट्ट गोळा असेल तर तो हलक्या हाताने मोकळा करा, मातीत थोडी वाळू आणि शेणखत मिसळा. साखरेच्या चहाचा चोथा मात्र नको, मुंग्या लागतात.

आमची दुसरी चूक उजेडाची. मनी प्लांट खिडकीपासून लांबही तग धरतो, पण मोगऱ्याला रोज चार-पाच तास ऊन लागतं. आम्ही त्याला शोभेसाठी टीव्हीशेजारी ठेवलं होतं! सावलीत झाड पाणीही कमी पितं, म्हणजे माती आणखी ओली.

झाड नुकतंच बिघडलं असेल तर काळी मुळं कात्रीने कापा, नव्या कोरड्या मातीत लावा आणि नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका.

यंदा नानीकडून दुसरं रोप आणलंय. ते ग्रिलमध्ये उन्हात आहे. पाण्याचं काम एकट्या दादीकडे. मुलांना फक्त बोट घालून बघायची परवानगी आहे.