लेकुरवाळा प्रवास – भाग ६ : जहाजावरची केबिन

"झोपण्यापुरतंच तर केबिनमध्ये जायचं, सगळ्यात स्वस्तातली घ्या," असा सल्ला क्रूझचं तिकीट काढताना हमखास मिळतो. दोघंच जाणार असाल तर तो बरोबरही आहे. सोबत एक ते तीन वर्षांचं मूल असेल, तर मात्र तो साफ बाजूला ठेवा. या वयाचं मूल दुपारी दीड-दोन तास झोपतं, रात्री आठ-साडेआठला पुन्हा पेंगतं आणि सकाळी सहाला टक्क जागं होतं. ते झोपलेलं असताना मोठ्यांपैकी एकाला तरी त्याच्याजवळ थांबावंच लागतं. म्हणजे दिवसाचे जवळपास निम्मे तास घरातलं कुणी ना कुणी केबिनमध्येच असणार.

मागच्या भागात आपण वयाच्या अटी पाहिल्या. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत आणि सलग अनेक दिवस समुद्रातच राहणाऱ्या लांबच्या फेऱ्यांसाठी ही अट एक वर्षाची होते. त्याच्याच जोडीला हेही लक्षात घ्या, की जहाजावरचे मुलांचे क्लब साधारणपणे तीन वर्षांपुढच्या, लंगोट सुटलेल्या मुलांसाठी असतात. डिस्नी आणि रॉयल कॅरिबियन यांच्या बऱ्याच जहाजांवर त्याहून लहान मुलांसाठी पाळणाघर असतं, पण त्याचे तासावर पैसे पडतात आणि जागाही मोजक्या असतात. पोहण्याच्या तलावात तर डायपरमधल्या मुलाला बहुतेक ठिकाणी उतरूच देत नाहीत, मग तो पोहण्यासाठीचा खास डायपर का असेना. जाहिरातीत मुलं जिथे जिथे हुंदडताना दिसतात, तिथे तिथे आपल्या मुलाचं वय अजून आड येतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की बाळाच्या झोपेच्या वेळा आधी कागदावर लिहून काढाव्यात आणि केबिन त्यांच्याकडे पाहून निवडावी. समुद्राचा देखावा, सोफा, मोठा टीव्ही हे सगळं त्यानंतर.

केबिनचा प्रकार ठरवण्याआधी जहाजावरची जागा ठरवा. जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. ते डावी-उजवीकडे कलतं आणि त्याची पुढची-मागची टोकं वरखाली होतात. सी-सॉच्या टोकांवर बसलेली मुलं जोरात वरखाली होतात आणि मधोमध उभं राहिलेलं मूल जवळजवळ जागच्या जागी राहतं, तसंच हे आहे. कलण्याचा हेलकावा जितकं वर जाल तितका अधिक जाणवतो. त्यामुळे मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन सर्वांत स्थिर. आजच्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझरचे पंख असतात. जहाज वेगात असताना ते कलणं बरंच कमी करतात, टोकांच्या वरखाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही. अगदी पुढची केबिन स्वस्त का मिळते, याचं एक कारण हे आहे.

इथे एक गोष्ट पालकांना चकित करते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट लागण्याचं प्रमाण कमी असतं. तो त्रास त्यापुढच्या वयात वाढतो. म्हणजे दीड वर्षाचं बाळ मजेत खेळत असतं आणि आई आडवी झालेली असते. मधली केबिन घ्यायची ती मुलाइतकीच मोठ्यांसाठीही. बाळामागे धावणारं माणूसच बिछान्याला खिळलं तर सहलच थांबते. (मुलाला उलटीचं कोणतंही औषध घरून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका. मोठ्यांची गोळी अर्धी करून तर अजिबातच नको.)

आवाज हा दुसरा शत्रू. धक्क्याला लागताना जहाजाच्या पुढच्या भागातले आडवे पंखे, म्हणजे थ्रस्टर, सुरू होतात आणि पुढच्या खालच्या केबिनमध्ये पलंगापर्यंत थरथर पोचते. बंदरात शिरण्याची वेळ बहुधा पहाटेची असते. नांगर टाकतानाचा साखळीचा खडखडाटही पुढेच. अगदी मागे गेलात तर इंजिन आणि पंख्यांची घरघर. आणि जी चूक सर्रास होते ती अशी: तलावाच्या बरोबर खालचा डेक. वरच्या मजल्यावर आहे, जेवणाची जागाही जवळ आहे, म्हणून लोक खूश होऊन तो घेतात. मग उजाडण्याआधी डोक्यावर आरामखुर्च्या सरकवल्याचे आवाज सुरू होतात आणि ऐन दुपारी, बाळाच्या झोपेच्या वेळेला, संगीत.

हे टाळायचा उपाय सोपा आहे. प्रत्येक कंपनी जहाजाचा डेक प्लॅन प्रसिद्ध करते. आपली केबिन जिथे आहे त्याच्या वरचा आणि खालचा डेक त्यात पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर निर्धास्त व्हा. नाट्यगृह, बार, स्वयंपाकघर किंवा नुसतीच कोरी जागा दिसली तर सावध. ती कोरी जागा बहुधा कर्मचाऱ्यांच्या कामाची असते आणि तिथे रात्रभर ढकलगाड्यांची ये-जा असू शकते. लिफ्ट जवळ हवी, पण दाराला लागून नको. चार-सहा दारं सोडून असली की बाळाला कडेवर घेऊन जायलाही बरं आणि रात्रीच्या गप्पांपासूनही सुटका. "गॅरंटी" नावाने मिळणारं स्वस्त तिकीट मात्र लहान मूल असताना घेऊ नका. त्यात प्रकार तुमचा असतो, केबिन कुठली ते कंपनी ठरवते, आणि आतापर्यंत सांगितलेलं सगळं तिथे निरुपयोगी होतं.

आता प्रकाराकडे. बिनखिडकीची आतली केबिन लहान मुलाच्या पालकांना जितकी वाईट वाटते तितकी नसते. दिवा मालवला की भर दुपारी मिट्ट काळोख होतो आणि उजेडाने जागं होणारं मूल तिथे गाढ झोपतं. अडचण सकाळी येते: किती वाजले, उजाडलं की नाही, काही कळत नाही. लहानसा रात्रदिवा सोबत ठेवावा. साध्या केबिनचं क्षेत्रफळ बहुतेक जहाजांवर साधारण १५० ते २०० चौरस फूट असतं. त्यात घडीचा पाळणा उघडला की सव्वातीन फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा गेली, उरलं ते चालण्यापुरतं.

खिडकीची केबिन मला या वयासाठी सर्वांत समंजस निवड वाटते. खिडकी कायमची बंद असते, ती उघडतच नाही. मुलाला पाणी, होड्या, बंदरातल्या क्रेन दिसतात, आपल्याला दिवस-रात्र कळते आणि मोठ्यांचा जीव टांगणीला लागत नाही. काही जहाजांवर खिडकीची कड इतकी रुंद असते की मूल त्यावर चढून बसतं. ते पडू नये म्हणून खाली उशा टाका, एवढंच.

बाल्कनीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिच्या बाजूने एक खरं कारण आहे. मूल साडेआठला झोपलं की आतला दिवा लावता येत नाही, बोलता येत नाही, टीव्हीही नाही. बाल्कनी असेल तर काचेचं दार ओढून आई-वडील बाहेर बसू शकतात, मूल काचेतून दिसत राहतं, समुद्रावरचा वारा मिळतो. दमलेल्या आई-वडिलांसाठी तो तासभर मोलाचा असतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण तीच बाल्कनी दिवसा सतत पहारा मागते. अमेरिकेने २०१० साली केलेल्या कायद्यानुसार तिथल्या बंदरांतून ये-जा करणाऱ्या क्रूझ जहाजांचे कठडे डेकपासून किमान ४२ इंच उंच असावे लागतात. दोन वर्षांचं मूल साधारण ३४ इंचांचं, म्हणजे उभं राहिलं तर कठड्याच्या खालीच. खुर्चीवर चढलं की हा हिशेब संपतो. म्हणून मूल जागं असताना बाल्कनीत खुर्ची-टेबल कठड्याजवळ ठेवूच नका. दिवसा ते आत घ्यायला किंवा काढून न्यायला स्टुअर्डला सांगता येतं. दाराची वरची कडी मुलाच्या हाताला लागत नाही ना, हे पहिल्या दिवशीच तपासा. मूल बाल्कनीत असेल तर एक मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर, हातात मोबाईल न घेता, असलंच पाहिजे. आणि कठड्यावर, खिडकीच्या कडेवर त्याला "समुद्र बघ" म्हणून उचलून धरणं कधीही नको. २०१९ च्या जुलैमध्ये प्वेर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात एका क्रूझ जहाजावर आजोबांनी उचलून धरलेली दीड वर्षाची मुलगी उघड्या खिडकीतून खाली पडून दगावली. ती जागा केबिनमधली नव्हती, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळची होती. माया करणाऱ्या हातांतून हे घडलं, म्हणूनच ते सांगायला हवं. तुमचं मूल चढं असेल, मिळेल त्यावर पाय ठेवून वर जाणारं असेल, तर या वर्षी बाल्कनी सोडा. दोन-तीन वर्षांनी घ्या.

आपल्याकडच्या वाचकांसाठी हा निर्णय बऱ्याचदा आपोआपच होतो. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्यांसाठी आलेलं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेर इथे "नॉर्डिक एम्प्रेस" नावाने बांधलं गेलं. बाल्कनीच्या रांगाच्या रांगा असलेली जहाजं सर्रास होण्याआधीचा तो काळ. त्यामुळे बाल्कनीच्या केबिन मोजक्या आणि साध्या केबिन लहान. अशा जहाजावर खिडकीची, मधली केबिन हा मार्ग उत्तम. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान बोटींनी उतरावं लागतं. तिथे एक पालक बाळासह जहाजावरच थांबण्याची शक्यता बरीच, आणि मग केबिन बरी असणं आणखीच महत्त्वाचं. सिंगापूरहून निघणाऱ्या नव्या मोठ्या जहाजांवर निवड भरपूर असते, पण चालणंही भरपूर असतं.

मोरीचं काय? साध्या केबिनमध्ये बहुधा शॉवरच असतो, टब नाही, बादली-तांब्या तर नाहीच. शॉवरला घाबरणारं मूल असेल तर हवा भरायचा छोटा टब घेऊन जा, किंवा टब असलेली केबिन मागा. डिस्नीने १९९८ च्या डिस्नी मॅजिकपासून बऱ्याच केबिनमध्ये न्हाणी आणि संडास वेगवेगळे ठेवले आहेत आणि टबही दिला आहे. लेकुरवाळ्या घराला याचा मोठा उपयोग होतो. बाकी मोरीचा उंबरठा उंच असतो, चालायला नुकतंच शिकलेलं मूल तिथे अडखळतं. संडासाचा हवेने ओढणारा आवाज दचकवणारा असतो, मूल मोरीत नसताना बटण दाबा. दारं जड, आपोआप मिटणारी, बोटं सांभाळा.

तिकीट काढताना एक सवय बाजूला ठेवायला हवी. हॉटेलात आपण "चाईल्ड विदाउट बेड" सांगून मोकळे होतो. जहाजावर कडेवरचं बाळही माणूस म्हणूनच मोजलं जातं, कारण जीवरक्षक नौकांतल्या जागांचा हिशेब माणशी असतो. आई, वडील आणि बाळ असाल तर तिघांची केबिनच लागते. अशा केबिन मर्यादित असतात आणि सुट्टीच्या हंगामात त्या आधी संपतात. तिसरा बिछाना बऱ्याचदा छतातून किंवा भिंतीतून खाली उघडणारा असतो. त्यावर या वयाच्या मुलाला झोपवायचं नाही, तो मोठ्या माणसाने घ्यायचा. बाळासाठी पाळणा बुकिंगच्या वेळीच मागा आणि होकार लेखी घ्या.

आजी-आजोबा सोबत असतील तर सर्वांत सुखाची रचना म्हणजे मधे दार असलेल्या दोन साध्या केबिन. एका मोठ्या स्वीटपेक्षा त्या कित्येकदा कमी खर्चात पडतात, मोऱ्या दोन मिळतात आणि बाळ एकीकडे झोपलं की बाकीच्यांना दुसरीकडे दिवा लावून गप्पा मारता येतात. बाल्कनीचं जे खरं कारण वर सांगितलं, ते इथे कठड्याच्या काळजीशिवाय साधतं. डेक प्लॅनवर अशा केबिनच्या मधे खूण असते. फक्त एकटं कुटुंब असाल तर मधलं दार असलेली केबिन टाळा, त्यातून शेजारच्यांचा आवाज झिरपतो.

जहाजावर चढल्यावर पहिला तास केबिन लावण्यात घालवा. पलंग भिंतीला टेकवून द्यायला सांगा, बॅगा पलंगाखाली सरकवा, फ्रीजमधल्या बाटल्या काढून दुधासाठी जागा करून घ्या. भिंती बहुधा लोखंडी असतात. चुंबकाचे हुक नेले तर दुपटं किंवा ओढणी टांगून पाळण्याला आडोसा करता येतो. बाबागाडी घडी होणारी, अरुंद हवी, कारण दार अरुंद असतं आणि मोकळ्या वाटेच्या नियमामुळे ती बाहेर ठेवू देत नाहीत. विजेची किटली बहुतेक जहाजांवर चालत नाही, गरम पाणी थर्मासमध्ये भरून आणावं लागतं. आणि बाळाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट केबिनमध्ये आलं आहे का ते पाहा. आंतरराष्ट्रीय सोलास नियमांनुसार २४ तास किंवा त्याहून लांबच्या फेरीत जहाजावर प्रत्येक तान्ह्या मुलासाठी ते असावंच लागतं, आणि १५ किलोच्या आतलं मूल त्या गटात धरलं जातं. नसेल तर जहाजावरच्या सुरक्षा-कवायतीआधी स्टुअर्डकडून मागून घ्या आणि एकदा घालून पाहा.

पुढच्या भागात जहाजावरच्या जेवणघरात मऊ वरण-भात कसा मिळवायचा आणि नाचणीचं सत्त्व सोबत किती न्यायचं, ते पाहू.