पॉडमध्ये बसवलेला जुना कॉम्प्युटर

वडूजसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या छापखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या मागच्या खोलीत जुना कॉम्प्युटर अजून घरघरत असला, तर त्याला नेहमी चिकटपणाच कारण नसतो. श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम अशा टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या आधी टाइप केलेला मराठी मजकूर त्यांचा फॉन्ट नसला की निव्वळ गिचमिड दिसतो. हिशेबाचा प्रोग्रॅमही जुन्या विंडोजखेरीज कुणाला ओळखत नाही. विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये वाऱ्यावर सोडलं, विंडोज १०ला ऑक्टोबर २०२५ मध्ये.

यावर उपाय म्हणजे त्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवायची आणि नव्या सर्व्हरवर ‘आभासी यंत्र’ म्हणून चालवायची. आयबीएमने अशी आभासी यंत्रं १९६०च्या दशकातच चालवली होती. २००७ मध्ये केव्हीएम ही तशीच सोय लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, आली आणि साध्या सर्व्हरवर हे करणं सोपं झालं.

पण आजचं सॉफ्टवेअर येतं कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे एकाच आडावर पाणी भरणारी बिऱ्हाडं, कर्नल सगळ्यांत मिळून एकच. आभासी यंत्र स्वतःची बोअर मारून घेतं. लिनक्सच्या कर्नलवर विंडोजचा कंटेनर चालत नाही, त्यामुळे नवं एकीकडे आणि जुनं दुसरीकडे, असे दोन संसार मांडावे लागतात.

ते एकत्र आणतं क्यूबव्हर्ट. हा प्रकल्प रेड हॅट कंपनीत सुरू झाला. त्यातली युक्ती गमतीची आहे. प्रत्येक आभासी यंत्रासाठी एक पॉड, म्हणजे कंटेनरांची पेटी, उघडायचा, त्यात क्यूईएमयू हा यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि क्यूईएमयूच्या पोटात विंडोज. कंटेनरांचा कारभार पाहणाऱ्या कुबरनेटीजच्या लेखी तो नेहमीसारखाच एक पॉड. कुबरनेटीजची सडपातळ आवृत्ती, २०१९ मध्ये आलेली के-थ्री-एस, शंभर एमबीहून लहान एका फाइलीत मावते. त्यामुळे हा खेळ छोट्या यंत्रांवरही मांडता येतो.

इथेच फसगत होते. हलका असतो तो कारभारी. ओझं तेवढंच राहतं. विंडोजला चार जीबी मेमरी दिली की चार जीबी गेलीच, वर पॉडचा खर्च वेगळा. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद असेल, तर आभासी यंत्र सुरूच होत नाही; सॉफ्टवेअरनेच नक्कल करायची परवानगी दिली, तर काम रडतखडत चालतं. जुन्या विंडोजची भोकंही त्याच्यासोबत येतात, म्हणून त्याला इंटरनेटपासून लांबच ठेवावं.

आणि वीज जाऊन एक सर्व्हर अचानक पडला तर? कुबरनेटीज मूळ मांडणीत पाचेक मिनिटं वाट पाहतं, पण त्यानंतरही यंत्र दुसरीकडे आपोआप उठेलच असं नाही. सर्व्हर मेलाय की फक्त नेटवर्क तुटलंय, हे बाहेरून कळत नाही. तो जिवंत असताना दुसरी प्रत उठली, तर दोघं एकाच डिस्कवर लिहितील आणि खातेवह्यांचा चिवडा होईल. म्हणून मूळ सर्व्हर खरंच बंद असल्याची खात्री कुणीतरी द्यावी लागते. शिवाय चालू यंत्र न थांबवता हलवायचं, तर सगळ्या सर्व्हरांना पोचेल अशी सामायिक डिस्क हवी. एकच जुना प्रोग्रॅम जगवायचा असेल, तर साधं केव्हीएम आणि रोजचा बॅकअप पुरे.