हवामानाच्या अंदाजालाही लागते ‘पाळी’! सुपर कॉम्प्युटरचा वेळ शास्त्रज्ञांना मिळतो कसा? जाणून घ्या सोप्या भाषेत

मोबाईलवर मेसेज येतो, ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस’. शेजारच्या शिवारात ओढे भरून वाहतात अन् आपल्या रानात मात्र धूळ उडते. मग पारावर एकच विषय, ‘एवढी मोठी यंत्रं आणली, तरी गावाचा नेमका अंदाज का येत नाही?’ याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक फारसं कुणाला माहीत नसतं. ज्या यंत्रावर अंदाज तयार होतो आणि सुधारतो, त्या यंत्राचा वेळ मोजका असतो. कालव्याच्या पाण्यासारखीच त्याचीही पाळी लावावी लागते.

पुण्यातलं मोठं यंत्र

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा सुपर कॉम्प्युटर सुरू झाला. त्याची ताकद ४ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर १५ शून्यं इतकी गणितं. त्यानंतर २६ सप्टेंबर २०२४ रोजी ११.७७ पेटाफ्लॉपच्या ‘अर्का’चं उद्घाटन झालं. त्याचा जोडीदार ‘अरुणिका’ नोएडाला आहे. या प्रकल्पाचा खर्च ८५० कोटी रुपये. गंमत म्हणजे त्या दिवशी पुण्यात जोरदार पावसामुळे पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला आणि हवामानाच्या यंत्राचं उद्घाटन ऑनलाइन करावं लागलं!

एवढी ताकद लागते कशाला?

अंदाज काढताना कॉम्प्युटर पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनात वारा, ओल, तापमान काय होईल याचं गणित मांडतो. आधी हे चौकोन साधारण १२ किलोमीटरचे होते. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला मिळून एकच आकडा. एवढ्या भागात कितीतरी गावं बसतात! मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये चौकोन ६ किलोमीटरवर आला.

ऐकायला हे नुसतं निम्मं वाटतं. पण चौकोन निम्मा केला की त्यांची संख्या चौपट होते. शिवाय गणिताची पावलंही जवळजवळ टाकावी लागतात, म्हणजे कामाचा बोजा साधारण आठपट! त्यात एकच गणित करून भागत नाही. सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून तोच अंदाज अनेकदा काढतात, तेव्हा कुठे ‘पावसाची शक्यता इतके टक्के’ असं सांगता येतं.

पहिला हक्क रोजच्या अंदाजाचा

धरणात पाणी कमी असलं की आधी पिण्याचं पाणी राखून ठेवतात, मग शेतीचं बघतात. इथेही तसंच आहे. रोजचा अंदाज ठरलेल्या वेळेला निघालाच पाहिजे. चक्रीवादळ गेल्यावर आलेला अंदाज काय कामाचा? म्हणून आधी त्याचा वाटा आणि उरलेल्या वेळात संशोधन. पण संशोधनाचं काम छोटं नसतं. पुढच्या शंभर वर्षांत मान्सून कसा बदलेल हे बघायचं, तर यंत्र आठवडेच्या आठवडे चालवावं लागतं. त्यामुळे मागणारे जास्त आणि वेळ कमी.

अर्जात लिहायचं काय?

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. वायोमिंग राज्यातल्या शायेन शहरात वातावरण संशोधनासाठी ‘डेरेचो’ नावाचा सुपर कॉम्प्युटर २०२३ मध्ये सुरू झाला. त्याची वाटपाची पद्धत आपल्या पाणी अर्जासारखीच आहे.

नमुना ७ च्या अर्जात पीक कोणतं, क्षेत्र किती, हे लिहावं लागतं. तिथे शास्त्रज्ञाला प्रश्न कोणता, मॉडेल किती वेळा चालवणार, ‘कोअर-अवर’ किती लागतील आणि माहिती साठवायला जागा किती, याचा हिशोब द्यावा लागतो. कोअर-अवर म्हणजे यंत्राचा एक कोअर एक तास वापरणं. डेरेचोच्या एका साध्या नोडमध्ये १२८ कोअर आहेत. तो नोड तासभर चालला की खात्यातून १२८ कोअर-अवर वजा.

वेळेसाठी पैसे घेत नाहीत. पण विद्यापीठातल्या संशोधकाकडे सहसा त्या विषयाचं सरकारी अनुदान मंजूर असावं लागतं. विद्यार्थ्यांना शिकण्यापुरता थोडा वेळ सहज मिळतो. मोठी मागणी असेल, तर तज्ज्ञांची समिती वर्षातून दोनदा बसून अर्ज तपासते. आधी छोटी चाचणी घेतली का, मागितलेला वेळ खरंच लागणार का, हे बघते. फुगवून मागणी केली तर कात्री लागते.

मंजुरीनंतरही रांग

मंजुरी मिळाली म्हणजे लगेच यंत्र मिळालं असं नाही. काम रांगेत लागतं. कुणाला कधी सोडायचं हे एक प्रोग्राम ठरवतो, जणू कालव्यावरचा पाटकरीच! एका कामाला सलग १२ तासांची मर्यादा असते. मोठं काम तुकड्या-तुकड्यांनी पुरं करावं लागतं. घाई असेल तर खात्यातून दीडपट वेळ कापला जातो, थांबायची तयारी असेल तर कमी.

आपल्या शेताशी याचा संबंध काय?

ढग कसा बनतो, पाऊस कुठे पडतो, याचं गणित सुधारलं की ते लगेच रोजच्या अंदाजात घेता येत नाही. आधी ते मागच्या अनेक पावसाळ्यांवर चालवून बघतात आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून बघतात. जुळलं तरच पुढे. या तपासणीला यंत्राचा वेळ मिळाला नाही, तर चांगली सुधारणाही कागदावर पडून राहते. नुसता चौकोन लहान करून अंदाज बरोबर येत नाही, आतलं गणितही पक्कं लागतं.

चुकीच्या भरवशावर पेरणी झाली की दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी येतो. म्हणून आज एखाद्या शास्त्रज्ञाला मिळालेली पाळी उद्याच्या पेरणीच्या निर्णयापर्यंत पोहोचते. पाणी टेलपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तसंच हेही.